विकलेली गाडी अजून तुमच्याच नावावर? आरसी ट्रान्सफर कुठे अडकते ते क्रमाने तपासा

आधी लक्षणं बघा. यातलं एक जरी तुमच्या बाबतीत होत असेल तर पुढचं वाचा.

- गाडी देऊन महिने झाले, पैसे पूर्ण मिळाले आणि अचानक मोबाईलवर ई-चलानचा मेसेज, अमुक सिग्नलला तुमच्या गाडीने लाल दिवा तोडला म्हणून.
- डीलरला फोन केला की ठरलेलं उत्तर, "फाईल लावलीये साहेब, आरटीओचा सर्व्हर डाऊन आहे". अर्ज क्रमांक मागितला की "पाठवतो" म्हणतो आणि पाठवत नाही.
- अर्ज क्रमांक आहे, पण स्टेटस कधीचा एकाच टप्प्यावर बसलाय.
- तुम्ही घेणारे आहात, गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे, हप्ताही सुरू झाला, पण ॲपवर मालकाच्या नावाची जी एकदोन अक्षरं दिसतात ती तुमची नाहीत.
- विकलेल्या गाडीच्या फास्टॅगचे पैसे अजून तुमच्याच खात्यातून जातायत. हे आपल्या ठाणे-मुंबईकडे पटकन कळत नाही कारण वाशी, ऐरोली, मुलुंडच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, गाडी इथल्या इथे फिरत असेल तर काहीच कटत नाही, एक्स्प्रेसवेला किंवा अटल सेतूला गेली की मग मेसेज येतो.
- लोन फेडून वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच.
- ठोकलेल्या गाडीच्या क्लेमला सर्व्हेअर म्हणतो, आरसी दुसऱ्याच्या नावावर आहे.

पोलीस स्टेशनचा फोन किंवा कोर्टाची नोटीस आली असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट "इथे थांबा" वाचा.

मी ठाण्यात जुन्या गाड्यांच्या यार्डात कागदपत्रांचं टेबल सांभाळतो. गाडी दाखवणं, भाव करणं हे बाहेरच्या पोरांचं काम, माझ्याकडे येते ती अडकलेली फाईल. आणि अडकायची कारणं ठरलेली आहेत, तीच तीच फिरून येतात. लोक काय करतात, सरळ एजंटला अजून दोन-पाच हजार देतात नाहीतर आरटीओत जाऊन क्लार्कशी वाद घालतात, आणि शेवटी निघतं काय तर वाहन पोर्टलवर (गाड्यांच्या नोंदणीची सरकारी साईट) मोबाईल नंबरच भलत्याचा होता. म्हणून खालचा क्रम फुकटच्या गोष्टींपासून सुरू केलाय. मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका, पुढची बऱ्याचदा आधीच्या पायरीवर अवलंबून असते.

नाव राहिलं तर नक्की काय बिघडतं

थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. गाडी कोणाकडे आहे, पैसे कोणी दिले, स्टॅम्प पेपर केला होता का, हे अपघाताच्या दाव्यात नंतर. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंच एक प्रकरण निकाली काढलं, गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी फिरली होती, आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर, इन्शुरन्स नव्हता, आणि भरपाईची जबाबदारी आली त्या पहिल्यावर. चलानाचे हजार-दोन हजार हा त्यामानाने किरकोळ त्रास आहे.

कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. विकणाऱ्यांना वाटतं सगळं डीलर आणि घेणारा बघून घेतील. नाही, कळवायची जबाबदारी तुमच्यावरही आहे.

१. ॲप उघडा (फुकट)

एमपरिवहन ॲप किंवा परिवहनच्या साईटवर गाडीचा नंबर टाका. नाव मध्ये चांदण्या घालून अर्धवट दिसतं पण आपलं आहे का एवढं कळतं. नाव एकच बघू नका, चार गोष्टी लिहून घ्या: आरसीची व्हॅलिडिटी कधीपर्यंत, इन्शुरन्स कधीपर्यंत, फायनान्सरच्या जागी कोणाचं नाव आहे का, आणि गाडी कुठल्या आरटीओची दाखवतंय. ब्लॅकलिस्ट किंवा तसला काही शेरा असेल तर तोही. पुढे लागणारं बहुतेक सगळं याच स्क्रीनवर आहे, आणि ते कोणी बघत नाही.

कधीकधी इथेच विषय मिटतो. नाव बदललेलं असतं, स्मार्ट कार्ड पोस्टात असतं किंवा जुन्या पत्त्यावर गेलेलं असतं, आणि पार्टी उगाच डोक्याला ताप करून घेत असते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची आरसी पोलिसांना चालते, कार्ड यायची वाट बघत घाबरायचं कारण नाही.

२. गाडी देताना तुम्हाला कागद कुठला मिळाला (फुकट, पण सगळ्यात महत्त्वाचं)

यावर जरा सविस्तर लिहितो कारण खरं मूळ इथे आहे.

आपल्याकडे जुनी पद्धत अशी की गाडी यार्डला देताना मालकाकडून फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) आणि ३० (नाव बदलायचा अर्ज) वर कोऱ्या सह्या घ्यायच्या. घेणाऱ्याचं नाव रिकामं, तारीख रिकामी. धंद्यात याला ओपन फॉर्म म्हणतात. मग गाडी यार्डात महिना-दोन महिने उभी राहते, दुसऱ्या डीलरला जाते, तो तिसऱ्याला देतो, कल्याणची गाडी पनवेलला आणि तिथून कोल्हापूरला, आणि प्रत्येक हातात तेच सही केलेले कोरे कागद. शेवटच्या गिऱ्हाईकाचं नाव आलं की ते भरायचं. मधल्या कोणाचंच नाव आरसीवर येत नाही, ट्रान्सफरचा खर्च एकदाच होतो म्हणून सगळ्यांना सोयीचं. एकट्या तुम्हाला सोडून, कारण तेवढा सगळा काळ कागदावर मालक तुम्हीच.

हे थांबवायलाच केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियम बदलले आणि ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृतता घ्यायची, त्याचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २९बी, पाच वर्षं चालतं. आणि तुम्ही त्याच्या ताब्यात गाडी दिलीत की वाहन पोर्टलवर फॉर्म २९सी भरून तशी नोंद करायची. ही नोंद झाली की गाडी डीलरच्या ताब्यात असेपर्यंत मालकाच्या जागी तो धरला जातो, त्या काळात काही झालं तर उत्तर त्याने द्यायचं. ट्रान्सफरचा, एनओसीचा (ना हरकत दाखला), डुप्लिकेट आरसीचा, नूतनीकरणाचा अर्जही मग तोच करू शकतो. अशी गाडी त्याने ट्रायल, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी असल्या कामांनाच रस्त्यावर काढायची आणि ट्रिपची नोंद ठेवायची असंही नियमात आहे. यार्डाची गाडी घेऊन मालकाचा पोरगा लग्नाला गेला हे नियमात बसत नाही, होतं ते मला माहीत आहे.

तर तपासा. तुमच्याकडे २९सीची पावती आहे का? असेल तर निम्मं टेन्शन गेलं, डीलरला तिचा क्रमांक दाखवून बोला, त्याचा सूर बदलतो. नसेल तर डीलरला सरळ विचारा की २९बी आहे का. "आम्ही डीलर नाही, ब्रोकर आहोत" असं उत्तर आलं तर समजा की मध्ये कागदावर कोणीच नाही, तुम्ही आणि शेवटचा घेणारा एवढेच.

२९सी नाही पण डिलिव्हरी नोट आहे? तीही कामाची आहे, पण तीवर तारीख आणि वेळ दोन्ही हवी, किलोमीटर रीडिंग, ताबा घेणाऱ्याची सही आणि आयडीची झेरॉक्स हवी. तेही नसेल तर व्हॉट्सॲपचे मेसेज, बँकेत पैसे आल्याची एंट्री, गाडी नेतानाचे फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि आजच आरटीओला लेखी कळवा की अमुक तारखेला गाडी अमुकला दिली. काउंटरला इनवर्डचा शिक्का घ्या किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा. याने नाव बदलत नाही, हे आधीच सांगतो. पण पुढे काही उपटलं तर तुम्ही गप्प बसला नव्हता हे दाखवायला तारखेचा कागद हाती राहतो. ही चिठ्ठी पाठवायला लोक का कंटाळतात मला कळत नाही, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे.

३. वाहन पोर्टलवर मोबाईल नंबर कोणाचा आहे (फुकट)

फाईल अडण्याचं माझ्या टेबलावरचं नंबर एकचं कारण हेच. ऑनलाईन अर्जाला ओटीपी लागतात आणि ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी जातात हे कोणी समजावून सांगत नाही. एक जातो आधारला जोडलेल्या मोबाईलवर. दुसरा जातो गाडीच्या नोंदीत जो मोबाईल आहे त्यावर. हा दुसरा नंबर बऱ्याचदा तुमचा नसतोच, नवी गाडी घेतली तेव्हा शोरूमच्या माणसाने किंवा एजंटने स्वतःचा टाकलेला असतो, नाहीतर तुमचंच जुनं सिम जे आता भलत्याच्या खिशात आहे.

परिवहनच्या साईटवर मोबाईल नंबर अपडेट करायची सोय आहे, गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, नोंदणीची तारीख, व्हॅलिडिटी एवढं आरसीवरून बघून टाकायचं. आधारवरचं नाव आणि आरसीवरचं नाव जुळलं तर घरबसल्या होतं. जुळलं नाही तर पाचव्या मुद्द्यावर या.

एक विनंती, ओटीपी फोनवर सांगताना आधी विचारा की कशाचा आहे. स्क्रीनशॉट मागवा. "साहेब ओटीपी आला असेल बघा" एवढ्यावर देऊ नका, ट्रान्सफरचा की मोबाईल बदलायचा हे मेसेजमध्येच लिहिलेलं असतं.

४. अर्ज क्रमांक, आणि अर्ज गेलाय कुठल्या आरटीओला (फुकट)

अर्ज क्रमांक मिळाला की परिवहनवर स्टेटस दिसतो. क्रमांकच मिळत नसेल तर फाईल लावलेली नाही असं धरून चाला. इतकं सरळ आहे. सर्व्हर बंद पडतो, खरं आहे, पण तो महिनाभर बंद नसतो.

स्टेटसमध्ये फी भरायची बाकी, कागद अपलोड बाकी, पडताळणी बाकी, अप्रूव्हल बाकी असे टप्पे असतात. फी बाकी म्हणजे आरटीओचा काही दोष नाही, कोणीतरी पैसे खिशात ठेवून बसलंय. कारच्या ट्रान्सफरची सरकारी फी ३०० रुपये, टू-व्हीलरची १५०, स्मार्ट कार्डचे २०० वेगळे, घेणाऱ्याने कारवर नवीन लोन चढवलं तर त्याचे १५००, पोस्टाचे किरकोळ. बाकी जो आकडा तुम्हाला सांगितला जातो ती एजंटची मेहनत. मेहनत घ्यावी, पण पावती दाखवून.

आता आरटीओ कुठला. अर्ज जातो घेणाऱ्याच्या पत्त्याच्या आरटीओला, आणि इथे आपल्या भागात हमखास घोळ होतो. ऐरोली, घणसोली जिल्हा ठाणे, पण गाडी एमएच-४३ म्हणजे नवी मुंबईची. खारघर, कामोठ्याची माणसं पत्ता सांगताना नवी मुंबई सांगतात, पण आरटीओ पनवेल, एमएच-४६. डोंबिवली, बदलापूर, उल्हासनगर एमएच-०५ कल्याण. दिवा, मुंब्रा, कळवा एमएच-०४ ठाणे. फॉर्म भरणाऱ्याने खारघरच्या पार्टीला नवी मुंबई टाकलं की फाईल परत. नंबर प्लेट बदलत नाही, राज्यातल्या राज्यात एमएच-०४ ची गाडी पनवेलला गेली तरी नंबर तोच राहतो. एनओसी म्हणजे फॉर्म २८, कायद्यात ती गाडी परराज्यात जाणार असेल तेव्हासाठी आहे. गोवा, गुजरात, कर्नाटकची पार्टी असेल तर आधी एनओसी, मग बाकीचं, आणि अशा वेळी कळवायची मुदत १४ ऐवजी ४५ दिवस.

५. नाव जुळतंय का (बहुधा फुकट, वेळ मात्र जातो)

आरसीवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. आरसीवर वडिलांच्या नावाचं एक अक्षर, आधारवर पूर्ण. आरसी लग्नाआधीच्या नावाने, आधार नंतरच्या. माणसाला कळतं की व्यक्ती एकच आहे, पोर्टलला कळत नाही. आधार ओटीपीचा ऑनलाईन मार्ग इथे बंद पडतो.

मग ऑनलाईनचा हट्ट सोडा आणि कागदी फाईल लावा. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, पॅन, चेसिसचा पेन्सिलने घेतलेला ठसा, आणि नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला नाहीतर राजपत्र. सही हा वेगळा छळ. दहा-बारा वर्षांपूर्वीची सही आणि आजची जुळत नाही म्हणून फाईल परत येते, त्यापेक्षा विकणाऱ्याने पॅनवरची सही बघून तशीच करावी आणि बोलावलं तर स्वतः जावं. यार्डाचा पोरगा सही "काढून देतो" म्हणाला तर तिथूनच उठा.

६. छोटी बाकी: चलान, पीयूसी, इन्शुरन्स, प्लेट

महाट्रॅफिकच्या ई-चलान साईटवर गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार अंक टाकले की बाकी दिसते. तारखा बघा. गाडी देण्याआधीची चलानं तुमची, नंतरची त्याची, म्हणून वर डिलिव्हरी नोटवर वेळ लिहा म्हटलं, सकाळी गाडी दिली आणि दुपारी घोडबंदरला कॅमेऱ्यात सापडली तर त्या एका दिवसावरून भांडण होतं. चलान बाकी असेल तर भरून टाका किंवा त्याच्याकडून भरून घ्या, चारपाचशेसाठी फाईल अडवून ठेवण्यात शहाणपण नाही.

पीयूसी आणि इन्शुरन्स दोन्ही चालू हवेत आणि नुसते चालू असून उपयोग नाही, ते वाहन पोर्टलवर दिसले पाहिजेत. पॉलिसी काल काढली असेल तर एकदोन दिवस थांबा. घेणाऱ्याने ट्रान्सफरच्या तारखेपासून १४ दिवसांत इन्शुरन्स कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने गाडीबरोबर येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही, लोक इथेच फसतात. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचा, तो गाडीबरोबर जात नाही, त्याचं पत्र कंपनीकडून घेऊन ठेवा आणि पुढच्या गाडीला वापरा.

प्लेट म्हणजे एचएसआरपी, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना आता ही सुरक्षा पट्टी सक्तीची आहे आणि ती नसेल तर ट्रान्सफर, बोजा म्हणजे आरसीवरची लोनची नोंद चढवणं-उतरवणं ही कामं आरटीओ अडवतं. कारचा दर ७४५ अधिक जीएसटी. परिवहन विभागाच्या साईटवरूनच एजन्सीच्या पानावर जा, गुगलवर वरती दिसलेल्या कुठल्याही साईटला पैसे देऊ नका, बनावट बऱ्याच आहेत. आणि बुक कराल तेव्हा गाडी समोर असली पाहिजे, प्लेट तिथे नेऊनच बसवतात. गाडी आधीच घेणाऱ्याकडे गेली असेल तर ही धावपळ त्याने करायची, पण ओटीपी तुमच्याकडे येईल, म्हणून मुद्दा ३ आधी.

७. आरसीवरचं बँकेचं नाव, म्हणजे एचपी किंवा बोजा (पैसे थोडे, चपला जास्त झिजतात)

लोन फिटलं म्हणजे आरसीवरून बँक आपोआप गेली असं नसतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ च्या दोन प्रती, बँकेच्या आणि तुमच्या सहीने, हे लावून बोजा उतरवावा लागतो. ट्रान्सफरबरोबर एकाच अर्जात करता येतं. एनओसीवरची तारीख बघा, साधारण तीन महिन्यांच्या आतली लागते. कपाटात पाच वर्षं जपून ठेवलेली एनओसी घेऊन लोक येतात, ती परत ताजी करून आणावी लागते.

बँकच राहिली नसेल तर? देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन १ एप्रिल २०२० पासून युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात. आरसीवर जुनं नाव असलं तरी एनओसी आताच्या बँकेने द्यायची, तीवर "पूर्वीची अमुक बँक" असा उल्लेख आवर्जून करून घ्या नाहीतर क्लार्क विचारणार ही कोण. शाखेत नवीन माणूस "आमच्याकडे रेकॉर्ड नाही" म्हणेल, जुना लोन खाते क्रमांक आणि शेवटच्या हप्त्याचं स्टेटमेंट घेऊनच जा.

पतसंस्थेचं लोन हा आपल्याकडचा खास प्रकार. संस्था चालू असेल तर काम सोपं, चेअरमन ओळखीचा निघतो. बंद पडून अवसायक (संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी) बसला असेल तर पत्र त्याच्याकडून आणावं लागतं आणि तो कुठे बसतो हे सहकार उपनिबंधकाच्या कार्यालयात कळतं. खाजगी फायनान्स कंपनीच बंद झालेली असेल तर स्वतः फार खटपट करू नका, वकिलाला दाखवा.

एक धोका घेणाऱ्यांसाठी. डीलर म्हणतो "लोन आम्ही फोरक्लोज करतो, तुम्ही पैसे द्या", म्हणजे मुदतीआधी फेडून टाकतो. ठीक आहे, पण पैसे डीलरला देण्याऐवजी तेवढी रक्कम थेट त्या लोन खात्यात भरा आणि पावती घ्या. तुमचे पैसे दुसऱ्याच गाडीत फिरले तर हप्ता थकतो आणि बँक गाडी उचलायला तुमच्या दारात येते.

८. पंधरा वर्षं झालेली गाडी, सीएनजी, चेसिसचे आकडे

आरसी नोंदणीपासून १५ वर्षं चालते. संपली असेल तर आधी नूतनीकरण, गाडी आरटीओत नेऊन तपासणी, पर्यावरण कर, मग ट्रान्सफर. कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५००० आहे, वीस वर्षांपुढच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. वीस वर्षांच्या गाडीचा भाव आणि हा खर्च शेजारी शेजारी मांडून बघा, कधीकधी अधिकृत स्क्रॅप केंद्राला देणंच परवडतं.

बाहेरून सीएनजी किट बसवलंय आणि आरसीवर अजून निव्वळ पेट्रोल, तर आधी ते चढवून घ्या. तपासणीत अडतं आणि आग लागली तर क्लेमही अडतो.

जुन्या पुस्तकी आरसीवरून संगणकात चढवताना चेसिसचा एखादा आकडा चुकलेला असतो, शून्य आणि ओ ची अदलाबदल तर नेहमीची. हे ऑनलाईन दुरुस्त होत नाही. मूळ आरसी, इन्शुरन्स, पेन्सिल ठसा घेऊन ज्या आरटीओत मूळ नोंदणी झाली तिथेच जावं लागतं.

९. मालक वारले असतील तर

इथे फॉर्म ३० चालत नाही, फॉर्म ३१ लागतो. मृत्यूचं ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करून घ्यायची. मग त्याने विकायची. वडिलांनी आधी सही करून ठेवलेले कोरे फॉर्म वापरून थेट विकून टाकू, असं सुचवणारे भेटतात. गेलेल्या माणसाची मागच्या तारखेची सही वापरणं हा सरळ गुन्हा आहे, वारस भावाभावांचं पटत असलं तरी.

इथे थांबा

खालच्या गोष्टींत मी यार्डाचा माणूस असून हात घालत नाही, तुम्हीही घालू नका.

विकलेल्या गाडीने अपघात केला आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली: वकील, त्याच आठवड्यात. "गाडी विकलीये" असं फोनवर सांगून विषय संपत नाही, तारखेला कोणी उभं राहिलं नाही तर तुमच्याविरुद्ध एकतर्फी निकाल लागू शकतो. डिलिव्हरी नोट, २९सी, आरटीओला पाठवलेल्या पत्राची पावती, सगळं त्याला द्या.

पोलिसांनी गाडी एखाद्या गुन्ह्यात पकडली किंवा ॲपवर चोरीचा शेरा दिसला: तिथे एजंटचं काहीच चालत नाही. कागद घेऊन स्वतः पोलीस स्टेशनला जा, गुन्हा गंभीर असेल तर वकिलाला बरोबर न्या. घेणाऱ्यांनी तर टोकन देण्याआधीच एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) वाहन समन्वय पोर्टलवर गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना ते बघावं.

चेसिस नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटतोय: हात लावू नका, "साफ करून" ठसा घेऊ नका, आरटीओच्या निरीक्षकाला दाखवा.

डीलर गायब, यार्डाला कुलूप, आणि तुमचे सही केलेले फॉर्म त्याच्याकडे: पोलिसांत लेखी तक्रार, प्रत आरटीओला. घेणारे असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, तिथे वकिलाशिवायही तक्रार करता येते.

वारसांमध्ये वाद असेल, किंवा घटस्फोटाच्या केसमध्ये गाडी अडकली असेल तर कोर्टाचा कागद येईपर्यंत विकायला काढूच नका, आमच्यासारख्यांनी घेतली तरी ती पुढे जात नाही, यार्डात धूळ खात पडते.

बाकीच्यांसाठी राहिलं एकच. आरसीवर नवीन नाव दिसलं की त्याच दिवशी आपला फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्या, काचेवरून खरवडून काढला म्हणजे बंद झाला असं नाही, आणि ॲपवरच्या नव्या नावाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून गाडीच्या जुन्या कागदांत ठेवा.